फुटाला एक सूत

राजारामपुरीत घरालाच लागून असलेल्या माझ्या दवाखान्याच्या मागे एक लहान खोली आहे. पूर्वी तिथे मी दातांच्या एक्स-रेच्या फिल्म धुवायचे. एक्स-रे थेट संगणकावर दिसायला लागले आणि ती अंधारी खोली मोकळी झाली. नवऱ्याचा तिच्यावर डोळा होता; त्याला पुस्तकांची कपाटं तिथे हलवायची होती. त्याचं ठरेपर्यंत मी गवंडी बोलावून भिंतीला खिडकी पाडली, खिडकीखाली जाड फळ्यांचं टेबल बसवलं आणि माझी हत्यारं खुंट्यांवर टांगून टाकली.

हत्यारं म्हणजे सुताराची. जुनी, हाताने चालवायची. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटं. पहिला रंधा मला रविवारच्या बाजारात लक्ष्मीपुरीत भंगाराच्या ढिगात दिसला. शिसवी लाकडाचा होता, मूठ घामाने काळी पडून गुळगुळीत झालेली. पात्यावर गंज होता, पण गंजाखालचं पोलाद चांगलं आहे हे नखाने टिचकी मारल्यावर कळलं. सव्वीस वर्षं मी रोज हातात धारेची हत्यारं धरते. धार मला कळते, आणि हे सांगताना मी लाजत नाही. दोन रात्री रॉकेलमध्ये भिजवून, तेलाच्या दगडावर घासून तो रंधा मी सागाच्या फळीवर चालवला तेव्हा कांद्याच्या सालीसारखं पातळ सालपट निघालं. तिथून पुढे मी थांबले नाही.

एक नियम मात्र पहिल्यापासून पाळला. जे हत्यार कापत नाही ते माझ्या भिंतीवर राहत नाही. शोभेला काही ठेवायचं नाही. गुरुवारी दवाखाना बंद असतो, त्या दिवशी मी खोलीत. स्टुलं केली, पाट केले, शेजारच्या क्लासवाल्यांच्या फळ्याची चौकट दुरुस्त करून दिली.

घरात एकाच माणसाला हे पसंत नव्हतं. माझे वडील. ते आमच्याकडेच राहतात, वय ब्याऐंशी, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. खोलीच्या दारापर्यंत यायचे, आत पाय टाकायचे नाहीत.

"झालं का तुझं?" एवढंच विचारायचे.

"आत या की बाबा."

"नको. भुसा उडतोय."

भुशाचं कारण खरं नव्हतं हे मला कळत होतं. पण मीही खोदून विचारलं नाही.

एका पावसाळ्यात लक्ष्मीपुरीतल्या त्या भंगारवाल्याने मला निरोप पाठवला की एक पेटी आली आहे, बाई, तुमच्याच कामाची. पेटी खरंच अप्रतिम होती. आत अर्धगोल पटाश्या, अगदी करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीपासून अंगठ्याएवढ्यापर्यंत, क्रमाने कापडात गुंडाळलेल्या. इतक्या नाजूक पटाश्या दारं-खिडक्या करणाऱ्या सुताराकडे नसतात. तळाशी एक दोन फुटी पोलादी पट्टी होती, आकडे इतके स्वच्छ कोरलेले की चष्म्याशिवाय वाचता यावेत. मी पेटी तिथल्या तिथे उचलली.

त्याच आठवड्यात मी दवाखान्यासाठी खणांचं कपाट करायला घेतलं होतं. सांगाडा उभा होता. खणाची जागा टेपने मोजली, बरोबर अठरा इंच. मग नव्या पट्टीने लाकडावर खुणा केल्या, कारण अशी पट्टी हातात आल्यावर टेप कोण वापरणार? खण तयार केला. आत जाईना. जवळजवळ दीड सूत जास्त. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, असा सुतारांचा हिशेब. दीड सूत म्हणजे मक्याच्या दाण्याच्या जाडीएवढं, पण खणाला तेवढं पुरतं.

पावसाळी हवेत लाकूड फुगलं असं मी स्वतःला समजावलं. दुसरा खण वाळलेल्या जुन्या सागाचा केला. तोही दीड सूत जास्त. तिसऱ्या वेळी खुणा सुरीच्या टोकाने केल्या, करवत खुणेला लावून चालवली, श्वास रोखून. खण झाला, सुंदर झाला, आणि पुन्हा दीड सूत जास्त. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "तुझा हात हलला असेल."

"माझा हात हलत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. हात हलला असता तर माझे पेशंट पळून गेले असते.

मग मी टेप काढला आणि पट्टीशेजारी लावला. बारा इंचापाशी पट्टी एक सूत पुढे होती. चोवीसपाशी दोन सूत. म्हणजे इतक्या देखण्या, इतक्या रेखीव पट्टीचं मापच खोटं.

मी तशीच भंगारवाल्याकडे गेले. तो चहा पीत होता.

"ही पट्टी खोटी आहे," मी म्हणाले.

"खोटी कशी आसंल? मिस्त्रीची पेटी हाय ती."

"कुठला मिस्त्री?"

"मंगळवार पेठेतला. उद्यमनगरात फाउंड्रीची लाकडी पॅटर्न करायचा. त्यालाच इचारा जावा. मला कशाला खोटारडा म्हनताय?"

गुरुवार होता. पट्टी पिशवीत घालून मी मंगळवार पेठेत गेले. मिस्त्रींचं घर गल्लीच्या टोकाला, पुढे लहानसं अंगण. एक उंच, वाळका म्हातारा खुर्चीवर बसून शेंगा फोडत होता. शेंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, कारण हात सारखे थरथरत होते. अर्धे दाणे खाली पडत होते. मी पट्टी पुढे केली. त्यांनी ती ओळखली, पण हातात घेतली नाही.

"ही बारा इंचाला एक सूत जास्त भरते," मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. "माझे तीन खण वाया गेले."

म्हातारा हसायला लागला. असा हसला की आतून सून बघायला आली.

"लाकडाला लावली व्हय? अहो, ती लाकडाची पट्टी न्हाय. बिडाची हाय!"

"म्हणजे?"

"बीड, म्हंजे वतायचं लोखंड, वितळून साच्यात वतलं की गार होताना आटतं. फुटाला एक सूत आटतं. मग ज्याचा वाळूत ठसा घ्यायचा तो लाकडी पॅटर्न तेवढा मोठा नको? रोज कोण आकडेमोड करत बसनार? म्हनून पट्टीच मोठी. ह्या पट्टीनं बारा इंच मोजायचं, वतल्यावर बरोबर बारा इंच हातात येतं. खोटी न्हाय वो ती. आमच्या कामाला तीच खरी."

 हे मला माहीत असायला हवं होतं. दाताची धातूची टोपी करताना आम्ही हेच करतो. आधी मेणाचा दात, त्याभोवती पांढरी माती, मग मेण वितळवून त्या जागी धातू. धातू गार होताना आकसतो, म्हणून तेवढीच फुगणारी माती वापरायची. कॉलेजात मी या विषयात पहिली आले होते. मी ते त्यांना सांगितलं. हसणं थांबवून ते नीट ऐकायला लागले.

"तुमी डॉक्टर हाय?"

"दातांची."

"आन् मेणाचा दात सोताच्या हातानं करताय?"

"आता प्रयोगशाळेत पाठवते. पण येतो मला."

"मग ह्यो साच्यातनं सुटनार का अडकनार, ते बी कळत आसंल."

"तेच तर आमचं अर्धं काम," मी म्हणाले. दातांचं माप घेताना मापाचा मसाला दातांवरून अलगद सुटला पाहिजे, कुठे उलटी खाच असली की तो फाटतो. पॅटर्न वाळूतून वर उचलतानाही तसंच. बाजूंना किंचित उतार लागतो. त्याला मिस्त्री ढाळ म्हणायचे.

पेटी विकली कुणी, हे विचारायला मी कचरत होते. मला वाटलं होतं घरच्यांनी परस्पर काढून टाकली असेल. त्यांनीच सांगितलं. "मीच दिली. हात असं झाल्यावर हत्यारं डोळ्यांसमोर नको वाटली. पर तुमी त्यास्नी धार लावलीया का तशीच टांगून ठिवलीया?"

"पुढच्या गुरुवारी आणून दाखवते," मी म्हणाले.

दाखवली. सर्वांत लहान अर्धगोल पटाशी त्यांनी थरथरत्या बोटांनी अंगठ्याच्या नखावर टेकवली. "बाहेरनं झकास. आतल्या अंगाला कस राहिलीया," म्हणाले. कस म्हणजे पात्याला राहिलेली केसाएवढी कड. मी पाहिलं. होती. त्या दिवसापासून माझे गुरुवार मंगळवार पेठेत जायला लागले. ते खुर्चीवर बसून बोलायचे आणि मी अंगणात लाकूड शिकंज्यात धरून कापायचे. शिकवताना ते शिव्याही देत, डॉक्टरबाई म्हणूनच देत. मला राग येत नसे. चांगलं शिकवणारा माणूस ओळखण्याइतकं माझं वय झालेलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर एका गुरुवारी मी तिथे असताना एक धिप्पाड गृहस्थ पोतं खांद्यावर घेऊन आले. बिद्रीच्या बाजूला त्यांचं गुऱ्हाळ होतं. पोत्यातून त्यांनी बिडाचा एक तुटका भाग काढून अंगणात ठेवला. ऊस पिळायच्या चरकाच्या लाटेचा, म्हणजे रुळाचा, दांडा ज्यात फिरतो, ते बेरिंगचं घर. मधोमध तडकलेलं.

"दोनदा वेल्डिंग केलं, दोनदा उकललं," ते म्हणाले. "चरक जुना, ही कंपनी कवाच बंद झाली. नवा पार्ट मिळंना. मिस्त्री, तुमीच पॅटर्न करून द्याय पायजे. हंगाम तोंडावर आलाय."

मिस्त्रींनी फक्त दोन्ही हात पुढे करून दाखवले. 

"मी करते," मी म्हणाले.

गुऱ्हाळवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. "ह्या कोण?"

"दातांच्या डॉक्टर हायत," मिस्त्री म्हणाले.

"चेष्टा करताय व्हय मिस्त्री? बेरिंगचं घर हाय हे. दाढ न्हाय."

"पावणं, उसाचा चरक काय आनि दाढ काय, काम चावायचंच हाय की," मिस्त्री म्हणाले. "मी बगतो त्यांच्याकडं. घेऊन जावा पंधरा दिसांनी."

पंधरा दिवस मी मन लावून काम केलं. तुटक्या भागाच्या दोन्ही तुकड्यांची मापं घेतली. झीज किती झाली असेल त्याचा अंदाज मिस्त्रींनी सांगितला. जुन्या दाराच्या सागाचं लाकूड घेतलं, कारण ते जेवढं फुगायचं तेवढं कधीच फुगून झालेलं असतं. पहिला पॅटर्न मी सहा दिवसांत केला आणि मोठ्या ऐटीत त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पट्टी मागितली, सुनेला ती धरायला सांगितली आणि नुसतं बघितलं.

"डॉक्टरबाई, माप कसं काढलं?"

"मूळ मापात फुटाला एक सूत मिळवलं आणि खूण केली."

"कशानं केली खूण?"

"तुमच्या पट्टीनं..." असं म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. पट्टीत वाढ आधीच धरलेली होती. मी कॅल्क्युलेटरवर ती पुन्हा मिळवली होती.

"दोनदा आटवलं तुमी," ते म्हणाले. "लई शिकल्यालं मानूस आसंच करतंय."

तो पॅटर्न मी चुलीत घालायला दिला नाही. अजून आहे माझ्याकडे. दुसरा चार दिवसांत झाला. या वेळी हात ओळखीच्या वाटेने चालत होता. आतले कोपरे मेणाने भरून गोल केले, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात बीड तडकतं. मेण भरण्यात तर मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. बाजूंना ढाळ दिला, लेथवर घासलं जाणार होतं तिथे जाडी जास्त ठेवली, आणि सर्वभर बारीक पॉलिश कागद फिरवला. रविवारी दुपारी शेवटचा हात मारत होते तेव्हा वडील खोलीच्या दारात आले. आणि या वेळी आत आले.

त्यांनी पॅटर्न उचलला, फिरवून बघितला. बराच वेळ.

"हे लोखंडात होणार?"

"बिडात. परवा ओतणार आहेत."

ते स्टुलावर बसले. "तुझ्या आजोबांकडे एक पहार होती आणि एक टिकाव. दुसरं हत्यार नव्हतं. आपल्या पंचक्रोशीतल्या सात विहिरी त्यांच्या हातच्या. खणायला ते, पाणी लागल्यावर मात्र विहिरीला शिवायचं नाही. तहान लागली तर कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी टिकाव ठेवला आणि मला हायस्कुलात घातलं. म्हणाले, तुझ्या हातात मला लेखणीशिवाय काही दिसता कामा नये."

मला हे सगळं तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. सलग त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"तू हौसेनं करतेस," ते म्हणाले. "तुला कुणी करायला लावत नाही. म्हणून तुला ते गोड लागतं. एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं."

"ठेवते," मी म्हणाले. वाद घालण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मला जे सुख मिळतं ते माझ्या निवडीचं आहे आणि आजोबांना निवड नव्हती. पण पटाशी खाली ठेवावी असं मला वाटलं नाही, आणि त्यांनी तसं म्हटलंही नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "यावर करणाऱ्याचं नाव नसतं का?"

"असतं. उठावाचं अक्षर लावतात. माझं लावणार नव्हते."

"मग त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर लाव. सात विहिरी खणल्या, पण एका दगडावर त्यांचं नाव नाही."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या मापांच्या कागदावर ते अक्षर लिहिलं. कचेरीत त्यांचं अक्षर प्रसिद्ध होतं. वेलांटी-मात्रा नसलेलं एकच अक्षर, पण त्यांनी ते तीनदा लिहिलं, तिसरं पसंत केलं. मी सागाच्या पातळ पट्टीवर कागद चिकटवून ते मिस्त्रींच्या सर्वांत लहान पटाशीने कापून काढलं आणि पॅटर्नच्या बाजूला बसवलं. वडील स्टुलावर बसून बघत होते. चहा झाला तेव्हा नवऱ्याने दोघांचा तिथेच आणून दिला.

उद्यमनगरातल्या एका लहान फाउंड्रीत सकाळी ओतकाम झालं. साचेकाराने वाळू ठोकली, पॅटर्नला दोन टिचक्या मारल्या आणि सरळ वर उचलला. वाळूचा एक कणही ढासळला नाही. त्याने मान वर करून विचारलं, "कुणी केलंय?" मी बोट स्वतःकडे दाखवलं. तो पुढच्या कामाला लागला. त्याला नवल करायला वेळ नव्हता. पण त्याने विचारलं होतं, आणि ते मला पुरेसं होतं.

गार झाल्यावर, लेथवर भोक करून झाल्यावर ते बेरिंगचं घर आम्ही गाडीच्या डिकीत घातलं आणि बिद्रीकडे निघालो. पुढे मिस्त्री, मागे वडील. दोघांची ती पहिलीच भेट. मिस्त्री मोठ्याने बोलणारे, वडील हळू. पहिला अर्धा तास मिस्त्रीच बोलले. मग वडिलांनी त्यांना विचारलं की बीड किती उष्णतेला वितळतं, आणि तिथून पुढे मला रस्त्याकडे लक्ष देता आलं.

गुऱ्हाळावर चार माणसं वाट बघत उभी होती. घर जागेवर ठेवलं, बोल्ट आपल्या भोकांत उतरले, आतला पितळी बुश बसवला, लाटेचा दांडा आत सरकला. गुऱ्हाळवाल्यांनी कुणाशी न बोलता इंजिन चालू केलं. पहिली मोळी चरकात गेली आणि रस पन्हाळीतून धो धो आला.

"डॉक्टर, माझी एक दाढ बी दुखतीया, बगाल का?" ते मोठ्याने ओरडले.

"चरक बंद झाल्यावर," मी म्हणाले. दाढ खरंच किडलेली होती. ती मी नंतर दवाखान्यात भरली.

बेरिंगच्या घरावरच्या अक्षराकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं?"

मी तोंड उघडण्याआधी वडील म्हणाले, "माझ्या वडलांचं नाव हाय ते." घरात शुद्ध बोलणारे माझे वडील त्या दिवशी गावाकडचं बोलले. गुऱ्हाळवाल्यांनी मान डोलवली आणि त्यांच्या हातात रसाचा पहिला तांब्या दिला. वडील उभे राहूनच प्यायले, पूर्ण.

मिस्त्री मात्र रसाकडे फिरकले नव्हते. ते चरकाजवळ वाकून उभे होते. अर्धा तास मशीन चालू राहिलं, तोवर ते तिथून हलले नाहीत. कान लावून ऐकत होते. मग त्यांनी अक्षरावर बोट ठेवलं. "ह्याला ढाळ कमी दिलाय. कड तुटलीया, बगा."

मी बघितलं. एका कोपऱ्यात अक्षराची कड खरंच खडबडीत होती. "पुढच्या वेळी देईन," मी म्हणाले. "आणि बाकीचं?"

मग त्यांनी अख्खा तळवा बेरिंगच्या घरावर ठेवला. दांडा वाकडा बसला असता तर एवढ्या वेळात घर तापून हात भाजला असता. ते तसेच थांबले, माझ्याकडे न बघता.

"गार हाय," ते म्हणाले, आणि रस प्यायला गेले.